हस्की, हार्नेस आणि पुण्याची तीन महिन्यांची थंडी

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, १४ महिन्यांचा सायबेरियन हस्की, नर, वजन २३ किलो. फिरायला नेला की खांदा निखळेल इतका ओढतो. ओढू नये म्हणून ऑनलाइन मागवलेल्या हार्नेसनं त्याच्या काखा सोलल्या. आता या ओढण्याचाच उपयोग करावा, सायकलला बांधून वेताळ टेकडीवर पळवावा आणि जमलं तर सोसायटीत मुलीला बसायला एक छोटी गाडी करावी, असं तुमच्या डोक्यात आहे. तर हार्नेस कोणता घ्यायचा?

हार्नेस हा यातला सोपा भाग आहे, तो खाली मापासकट सांगतो. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे ओढायचं कधी आणि कधी नाही, हे तुमच्या कुत्र्याला कुणी सांगितलेलंच नाही. पट्टा गळ्यात असो की छातीवर, दोर ताणला की पुढे जायला मिळतं, एवढंच तो आजवर शिकलाय. दुसरी अडचण हवेची. ही जात ईशान्य सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी घडवली ती हलकं ओझं, मध्यम वेगानं, लांबवर ओढण्यासाठी. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा नेनानाहून सुमारे १,०८५ किलोमीटरवर औषध पोचवलं ते २० स्लेजचालकांनी (स्लेज म्हणजे कुत्र्यांनी ओढायची, बर्फावरून घसरत जाणारी गाडी) आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी, टप्प्याटप्प्यानं, साडेपाच दिवसांत. हस्कीच्या दमाची जी ख्याती आपण ऐकतो ती तिथल्या कडाक्याच्या थंडीतली आहे. तोच कुत्रा पुण्यात एप्रिलमध्ये सकाळी आठ वाजता पंधरा मिनिटं जोरात पळवला, तर थेट दवाखान्यात न्यावा लागू शकतो.

म्हणून आधी हवेचं बोलू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, पण त्यानं शरीर थंड होत नाही. त्याचा सगळा भरवसा धापेवर, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा हवेत उडून जाण्यावर. हवा आधीच ओली असेल तर हा ओलावा उडत नाही. त्यामुळे जुलैमधली २३ अंशांची ‘छान गार’ सकाळ हस्कीला डिसेंबरच्या दुपारपेक्षाही वाईट पडू शकते. मी ज्या मर्यादा पाळतो त्या अशा: १२ अंशांपर्यंत पळत ओढायला हरकत नाही. १२ ते १५ मध्ये हळू पळणं, मध्ये मध्ये थांबून. १५ ते १८ मध्ये फक्त चालत ओढायचं. १८ च्या वर गेलं की हार्नेस खुंटीवर. धुकं किंवा दमट हवा असेल तर प्रत्येक आकडा दोन अंशांनी खाली आणा. कुत्रा वयस्क, जाड किंवा दिवसभर एसीत राहणारा असेल तर आणखी खाली. २० अंशांच्या खोलीत राहणाऱ्या कुत्र्याच्या शरीराला बाहेरच्या हवेची सवय होतच नाही. ती व्हायला निदान दोन-तीन आठवडे रोज थोडा थोडा वेळ बाहेर काढावा लागतो.

या हिशोबानं पुण्यात ओढण्याचा मोसम नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आठवड्यातून तीन दिवस धरले तर पस्तीसेक सकाळी हाताशी येतात. वेळ पहाटेचीच. तापमान सर्वात खाली जातं ते सूर्योदयाच्या सुमाराला, आणि जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे सव्वासहा ते सव्वासात, डोक्याला टॉर्च लावून. संध्याकाळ टाळा, कारण हवा गार वाटली तरी डांबर आणि काँक्रीट दिवसभराची धग रात्रीपर्यंत सोडत असतात, आणि कुत्र्याचं पोट त्या धगीपासून हातभर वर असतं. एकाच पहाटे शहरात चार-पाच अंशांचा फरकही पडतो. एनडीए, पाषाणकडे जास्त गारठा, मगरपट्टा, कोरेगाव पार्ककडे कमी. आणि बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण शांत, निरभ्र पहाटे टेकडीच्या माथ्यापेक्षा पायथ्याच्या सखल भागात थंडी जास्त असते, कारण गार हवा जड होऊन खाली साचते. वेताळ टेकडीच्या हट्टाऐवजी पाषाणच्या बाजूचा सपाट मातीचा रस्ता शोधा, असं मी म्हणेन ते एवढ्यासाठी.

दुसरं, वय. मध्यम आकाराच्या कुत्र्यांत हाडांच्या टोकांची वाढ साधारण १२ ते १८ महिन्यांत पूर्ण होते. तोवर जोर लावून पळवणं किंवा सायकल नको. तुम्ही सप्टेंबरमध्ये विचारताय, म्हणजे तो १८ महिन्यांचा होईल जानेवारीत, ऐन थंडीत. यापेक्षा चांगला योग नाही. डिसेंबरमध्ये पशुवैद्याकडून हृदय, खुबे आणि गुडघे तपासून घ्या. डोळेही बघायला सांगा, कारण या जातीत मोतीबिंदू आनुवंशिक असतो.

आता हार्नेस. तुम्ही घेतलेल्या हार्नेसची कडी पुढे छातीवर आहे. कुत्र्यानं ओढलं की त्याला बाजूला वळवायचं, हे तिचं काम. त्यात ओढायला लावलं की पट्टा तिरका सरकतो आणि काखेत घासतो. ओढायच्या हार्नेसमध्ये जोर छातीच्या हाडावर यायला हवा आणि तिथून बरगड्यांवरून मागे, पाठीवरच्या कडीकडे जायला हवा. चित्रात स्लेजच्या कुत्र्यांना पाठीवर फुलीचा, शेपटीच्या मुळापर्यंत जाणारा हार्नेस दिसतो. तो लगेच घेऊ नका. तो बनवलाय जमिनीलगतच्या स्लेजसाठी, जिथे दोर मागे जवळजवळ आडवा जातो. आपण सुरुवात पायी करणार, म्हणजे कुत्रा पुढे आणि दोरानं त्याला जोडलेले तुम्ही मागे. तुमच्या कमरेशी बांधलेला दोर वर चढतो, मग त्या हार्नेसचं मागचं टोक उचललं जातं आणि पुढचा भाग गळ्याकडे सरकतो. पायी पळण्यासाठी आखूड हार्नेस घ्या, ज्याची कडी बरगड्या संपतात तिथे, पाठीच्या मध्यावर येते.

माप घेताना टेप केसांवरून घेतलात तर तीन-चार सेंटीमीटर जास्त येतं. टेप केसांत दाबून कातडीला लावा. मानेचं माप रोजचा पट्टा असतो तिथलं नाही, त्याच्या खाली, मान खांद्यांना मिळते तिथलं. छातीचं माप पुढच्या पायांमागे, सर्वात रुंद जागी. हार्नेस डोक्यातून जाताना थोडी ओढाताण व्हावी, सहज गेला तर मोठा आहे. घातल्यावर एका हातानं पाठीवरची कडी मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट गळ्यावर ठेवा. समोरचा इंग्रजी व्ही छातीच्या हाडावर टेकलेला आणि श्वासनलिका मोकळी असली पाहिजे. मानेशी दोन बोटं सपाट जावीत, कोपर आणि पट्ट्यामध्ये चार बोटांचं अंतर राहावं. खरी परीक्षा दहा मिनिटं ओढल्यानंतर: काखेतले केस बाजूला करून कातडी बघा. गुलाबी रेघ दिसली तर माप चुकलंय, ‘सवय होईल’ म्हणून सोडू नका. आणि हो, सोललेल्या काखा पूर्ण भरून केस येईपर्यंत कोणताच हार्नेस नको.

बाहेरून मागवलेला महाग पडत असेल तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेता येतो. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची २५ मिलिमीटरची पट्टी, पॉलिएस्टरचा दोरा (सुती दोरा ओलाव्यानं कुजतो), प्रत्येक जोडावर चौकोन आणि आत फुलीची शिलाई, कडी वेल्ड केलेली. वाकवून जुळवलेली कडी झटक्यासरशी उघडते. जिथून जोर जातो तिथे प्लास्टिकचं बकल नको. आतून फ्लीसचं अस्तर छान दिसतं, पण ते पाणी धरतं आणि ऊब धरतं. आपल्याकडे पातळ फोम पुरे.

दोर ज्याला जोडायचा तो तुमचा पट्टा कमरेला नाही, खुब्याच्या हाडांवर बसायला हवा, आणि तो वर सरकू नये म्हणून मांड्यांतून फासे हवेत. पट्टा कमरेवर चढला की प्रत्येक झटका मणक्याला बसतो. सुरुवातीला गिर्यारोहणाचा सीट हार्नेस चालतो. दोर ताणलेल्या स्थितीत दोन मीटर, त्यात एक तुकडा इलास्टिकचा. दुचाकीच्या कॅरिअरला सामान बांधायचं आकडेवालं इलास्टिक मात्र वापरू नका. आकडा सुटला की सरळ डोळ्याकडे येतो. तुमच्या बाजूचा हुक ताण असतानाही एका झटक्यात सुटणारा हवा. साधा कॅरॅबिनर (गिर्यारोहकांची उघडझाप होणारी कडी) ताणाखाली उघडत नाही, आणि ज्या क्षणी सुटायला हवा तेव्हा ताण असतोच. कुत्रा मागे सरकला तर हार्नेसमधून निसटू शकतो, हस्की त्यात तरबेज. म्हणून गळ्यातला पट्टा काढायचा नाही, आणि त्यातून हार्नेसच्या कडीपर्यंत एक ढिली सुरक्षादोरी ठेवायची.

आता ओढणं आणि चालणं वेगळं कसं करायचं? दोघांचे कपडे वेगळे. गळ्यातल्या पट्ट्यावर दोर ताणला की तुम्ही खांबासारखे उभे, दर वेळी, घरातला प्रत्येक माणूस. एकानं जरी ‘जाऊ दे, उशीर होतोय’ म्हणून ओढू दिलं की आठवड्याची मेहनत गेली. हार्नेस घरातून घालून निघायचं नाही. जिन्यातून, लिफ्टमधून, पार्किंगमधून तो तुमच्या हातात. मातीचा रस्ता सुरू झाला, कुत्रा बसला, मग अंगावर. परत येताना त्याच जागी काढायचा. पंधरा-वीस दिवसांत त्याला कळतं की कडीचा खुळखुळ झाला तरच कामाची वेळ.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ शब्दांचा, पळण्याचा नाही. परदेशात उजवीकडे वळायला ‘जी’ आणि डावीकडे ‘हॉ’ म्हणतात. मराठी घरात ‘हॉ’ चालत नाही. आपण दिवसातून शंभरदा ‘हो’ म्हणतो, फोनवर तर ‘हो हो हो’ची माळच असते. कुत्र्याच्या कानाला तो शब्द बोथट होऊन जातो. ‘चल’चंही तेच. मी हे सुचवेन: निघायला ‘हुर्र’, उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘डाव’, थांबायला ‘थांब’, मांजर-कोंबडी-बिस्किटवाल्याकडे न बघता पुढे जायला ‘सरळ’, आणि दोर ताणून उभं राहायला ‘ताण’. कोथरूडच्या गल्ल्या यासाठी उत्तम, एका फेरीत वीस वळणं मिळतात. शब्द वळणाच्या दोन पावलं आधी उच्चारायचा, मग वळायचं, वळून झाल्यावर शाबासकी. वळता वळता शब्द म्हटलात तर तो तुमच्या शरीराकडे बघून वळतो, शब्द ऐकून नाही. आणि पुढे तुम्ही त्याच्या मागे असणार, तेव्हा त्याला तुमचं शरीर दिसणार नाही.

या सगळ्यात ‘ताण’ला मी सर्वात जास्त वेळ देतो. दोराचं टोक कुंपणाच्या खांबाला बांधा, कुत्र्याचं तोंड खांबापासून लांब. घरातलं दुसरं माणूस समोर दोन पावलांवर. कुत्र्यानं दोर ताणून क्षणभर पुढे बघितलं की खाऊ समोरून मिळतो, तुमच्याकडून, म्हणजे मागून, कधीच नाही. दोन सेकंदांवरून दहा सेकंदांपर्यंत न्या. हे जमलेला कुत्रा निघताना गिरक्या घेत नाही, दोरात पाय अडकवत नाही आणि दोर चावत नाही. नव्या लोकांच्या तक्रारी बहुतेक याच तीन असतात.

डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष काम. आधी पट्ट्यावर दहा मिनिटं चालणं, शी-शू उरकणं. मग एक-एक मिनिट चालत ओढणं, असं पाच वेळा, मध्ये मिनिटभर उभं राहून. एकूण अंतर दीड किलोमीटरच्या आत. तिसऱ्या आठवड्यापासून आठ वेळा. जानेवारीत डॉक्टरांनी होकार दिला की एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, आठ फेऱ्या. फेब्रुवारीपर्यंत सलग तीन किलोमीटर झाले तर भरपूर झालं. दोन कामांच्या मध्ये एक दिवस विश्रांती. आणि दोर ताणलेला असतानाच थांबवा. कंटाळून दोर ढिला सोडेपर्यंत पळवलात तर ढिला दोर म्हणजे सुट्टी, हे तो लगेच शिकतो.

कुत्रा तिरका, खेकड्यासारखा पळायला लागला तर हार्नेस एका बाजूला ओढला जातोय किंवा कुठेतरी दुखतंय. हार्नेस नीट करून दोन दिवसांत सरळ झाला नाही तर डॉक्टर. सारखा मागे वळून बघत असेल तर बहुधा तुम्ही मागून सारखं बोलताय. उतारावर ओढू देऊ नका, त्याला मागे घेऊन चालत उतरा. गुडघे तुमचे जातात. भटकी कुत्री आडवी आली तर पळत पार करायचं नाही. थांबा, दोर हातात आखूड घ्या, आपण मध्ये राहून चालत पुढे जा. पहाटे टेकडीवर येणारी बरीच मंडळी साठीच्या पुढची असतात. लांबूनच आवाज द्या, आणि कडेला तुम्ही व्हायचं, त्यांनी नाही. दोर मोकळा सोडायचा नाहीच. टेकडीवर मोर आहेत आणि हस्की मोराच्या मागे लागला की कोणतंही नाव ऐकत नाही. वनखात्याच्या फाटकावर पाळीव प्राण्यांबद्दल पाटी असते, ती आधी वाचा.

जमिनीबद्दल: मुरूम किंवा दाबलेली माती सर्वात चांगली. डांबरावर चालणं ठीक, ओढणं नाही, कारण जोर लावताना गाद्या घासल्या जातात. गाद्या वारंवार फुटत असतील आणि नाकाभोवती, डोळ्यांभोवती खपल्याही येत असतील, तर नुसतं मलम चोळत बसू नका. हस्कींत जस्ताच्या कमतरतेचा त्वचारोग आढळतो, डॉक्टरांना तसं विचारा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात टेकड्यांवर कुसळं वाळतात. ती बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आतल्या आत पुढे सरकत राहतात, कारण त्यांचे काटे एकाच दिशेला असतात. घरी आल्यावर प्रत्येक बेचकं बोटानं उघडून बघायचं, कानही. त्याच वेळी गोचीड दिसतील.

खाणं कामाच्या आधी तीन-चार तास नाही, नंतर तासाभरानं. पाणी मात्र हवं, आणि पहाटे बरीच कुत्री साधं पाणी पीत नाहीत. चिकन शिजवलेलं पाणी, मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता, दोन-तीन चमचे पाव लिटर पाण्यात मिसळा आणि निघायच्या तासभर आधी द्या. स्लेजवाले लोकही याच युक्तीनं कुत्र्यांना पाणी पाजतात.

उष्माघाताची खूण सर्वात आधी दोरावर कळते: ताण अचानक कमी होतो. मग जीभ टोकाला पसरट होते, लाळ चिकट दोरीसारखी लोंबते, हिरड्या लालबुंद होतात, मागचे पाय लडखडतात. पहिल्या खुणेलाच काम बंद. थांबल्यावर दहा मिनिटांत धाप उतरू लागली पाहिजे. पंधरा मिनिटांनंतरही तशीच असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. पिशवीत थर्मामीटर ठेवा. कुत्र्याचं गुदद्वारातलं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असतं, मेहनतीनंतर ४० च्या वर जाऊन परत उतरतं. ४१ दिसलं किंवा तो लडखडला तर आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. नळाचं पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओता आणि केस हातानं फाकवून कातडीपर्यंत पोचवा. हस्कीवर वरवर ओतलेलं पाणी केसांवरूनच निघून जातं. वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली वाफ साचते. ३९.५ झालं की पाणी थांबवा. नंतर तो शेपटी हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा एक-दोन दिवसांनी वर येते. आणि उन्हाळ्यात केस भादरू नका. आतली मऊ लोकर विंचरून काढा, वरचे लांब केस उन्हापासून कातडी वाचवतात.

सायकल पुढच्या मोसमात, तीही शब्द पक्के झाल्यावर, डिस्क ब्रेकची, पुढच्या चाकावर दोर पडू नये म्हणून हँडलखालून पुढे आलेल्या दांड्यासह, आणि चार मीटर तरी रुंद, मोकळ्या, सपाट मुरमाच्या रस्त्यावर. वेताळ टेकडीवर नाही. मुलीच्या गाडीला माझा साफ नकार आहे. ब्रेक नसलेली गाडी पार्किंगच्या उतारावर कुत्र्याच्या मागच्या पायांवर चढते, तो घाबरून पळतो आणि गाडीत मूल असतं. त्यापेक्षा ‘ताण’ शिकवताना समोर उभं राहून खाऊ द्यायचं काम मुलीला द्या. तुम्ही खांबाशी उभे आहात, तर समोर कुणीतरी लागणारच आहे.